दीक्षाच्या हाताला यश

हाताला यश असतं ते वैद्याच्या, सुईणीच्या, फार तर पुरणपोळ्या लाटणाऱ्या एखाद्या बाईच्या. पण शिरूरजवळ नगर रोडला लसी बनवणारी एक कंपनी आहे, तिथल्या तपासणीच्या लॅबमध्ये ते यश दीक्षा ओव्हाळच्या हाताला होतं. आणि खरं सांगायचं तर त्या यशानंच पोरीला कोंडून घातलं.

दीक्षा दौंडकडच्या केडगावची. वडील बबनराव रेल्वेतून रिटायर झालेले, धाकटा भाऊ सुमित दौंडला नोकरीला. ही एमेस्सी होऊन लॅबला लागली, शिरूरला खोली घेऊन राहिली, आणि तिच्या वाट्याला आरएनए आलं. नव्या लसींमध्ये हे आरएनए असतं, मण्यांच्या लांबलचक माळेसारखं. माळ बरोबर ओवली आहे की नाही ते बघायचं तर एका एन्झाइमनं तिचे तुकडे करायचे आणि मास स्पेक नावाच्या यंत्रावर एकेका तुकड्याचं वजन करायचं. यंत्र बिचारं आपलं काम चोख करतं. घोडं पेंड खातं ते यंत्राच्या आधी. या आरएनएला मिठाचं भारी वेड! कुठून जरासं सोडियम आलं की तुकड्यांना चिकटलंच. मग एका तुकड्याची पाच-सात वजनं दिसतात. पडद्यावर एक सरळ उंच शिखर यायचं, तिथं फणीच्या दातांसारखी रांग उभी राहते, आणि त्यातला खरा दात कुठला ते कुणाच्या बापाला कळत नाही.

म्हणजे यंत्रावर चढवण्याआधी नमुना धुऊन त्यातलं मीठ काढणं, हेच खरं काम. दीक्षा आली तेव्हा तिथं सगळ्यांच्याच नमुन्यांची फणी यायची. तिनं आधी काचेच्या बाटल्या हद्दपार केल्या, कारण काचेतूनच सोडियम झिरपतं. सगळं प्लास्टिकमध्ये आणलं. मग धुण्याची रीत बदलली. थंडगार अल्कोहोलमध्ये अमोनियमचा एक क्षार घालून आरएनए तळाला बसवायचं, ट्यूब तिरकी धरायची, वरचं पाणी अलगद ओढून घ्यायचं, आणि हे सगळं पुन्हा एकदा करायचं. तळाला जे बसतं ते धड डोळ्यालाही दिसत नाही. हात जरा हलला की आरएनए पाण्याबरोबर कचऱ्यात गेलंच म्हणून समजा. दीक्षाचा हात हलायचा नाही. तिच्या नमुन्याचं शिखर असं यायचं की बघत राहावं.

लॅबचे प्रमुख ज्ञानेश सर. गोड माणूस, आवाज कधी चढायचा नाही. तिनं त्यांना एकदा म्हटलं, "सर, या धुण्यासाठी तयार चुंबकी मणी मिळतात. ते घेतले तर कुणाच्याही हातानं जमेल." सर हसले. "अगं, तू असताना मणी कशाला? दीक्षाच्या हाताला यश आहे!" लॅबभर टाळ्या पडल्या. दीक्षालाही तेव्हा बरं वाटलं. वाटणारच की! चारचौघांत कुणी असं म्हटलं तर काय रडायचं असतं?

पण असलं कौतुक म्हणजे बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ. वाजते छान, जू काही उतरत नाही. सुट्टी मागितली की सर म्हणायचे, एवढा रन होऊ दे. ताप आला तर म्हणायचे, गोळी घे, एवढा रन होऊ दे. रन म्हणजे नमुना धुऊन यंत्रावर लावण्याची एक पाळी, आणि ती पाळी कायम दीक्षाचीच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिची आई, ताईबाई, दौंडला दवाखान्यात होती. एका सकाळी सुमितचा फोन आला. "ताई, आईला श्वास घेता येईना झालाय. तू ये." दीक्षा तशीच पर्स घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. सर खुर्चीतून उठले, त्यांनी तिला स्वतःच्या हातानं पाणी दिलं. म्हणाले, "जायलाच हवं. फक्त एवढा रन होऊ दे. क्लायंट खोळंबलाय, आणि तुझ्याशिवाय कुणाला जमतं, तूच सांग. दुपारी माझी गाडी देतो, एसटीपेक्षा लवकर पोचशील."

तिनं रन लावला. हात तेव्हाही हलला नाही. दुपारी सरांची गाडी मिळाली, ती न्हावऱ्याच्या पुढं गेली आणि सुमितचा दुसरा फोन आला. मग ड्रायव्हरला घाई करायला सांगण्यात काही अर्थ उरला नाही. दहावं-तेरावं त्यांच्यात नसतं. घरी वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, आणि आठवड्यानं दीक्षा पुन्हा कोट घालून उभी राहिली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या दिवशीचा निकाल फार सुरेख आला बरं का, दीक्षा." म्हणणाऱ्याची जीभ काही झडली नाही.

तेव्हाच तिनं ठरवलं, इथून निघायचं. परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि बेंगळुरूच्या एका संस्थेत पीएचडीची जागा मिळवली. जानेवारीत रुजू व्हायचं होतं. सर म्हणाले, "माझी ना नाही. पण हे काम करणारं दुसरं कुणी तयार करून दे आणि जा." तोपर्यंत रिलिव्हिंग लेटर नाही, आणि त्या लेटरशिवाय संस्था घेईना. तिनं तारीख पुढं ढकलून मागितली. संस्थेनं ऑगस्ट दिला आणि कळवलं, आता पुन्हा नाही. आला नाहीत तर जागा दुसऱ्याला.

दुसरं कुणी म्हणजे विश्वजीत. न्हावऱ्याकडचा, ऊसवाल्या पाटलाच्या घरातला, चुलता सोसायटीचा चेअरमन. पण पोरगा सरळ होता, एमेस्सी होता, आणि दीक्षाला "मॅडम, तुम्ही" म्हणून शिकत होता. नियम असा की त्यानं स्वतःच्या हातानं लागोपाठ तीन रन निर्मळ काढून दाखवायचे, की दीक्षा मोकळी.

तीन कसले, एक निघेना! दीक्षा शेजारी उभी राहून एकेक पायरी बघायची. हात चांगला होता त्याचा, घाई नव्हती, ट्यूब बरोबर धरायचा. आणि पडद्यावर फणीच. तिनं पाणी बदललं, ट्यूबा बदलल्या, क्षाराची नवी बाटली फोडली. तेच पाणी, त्याच ट्यूबा तिनं वापरल्या की शिखर. त्यानं वापरल्या की फणी. मार्च गेला, मे गेला. सर मान हलवायचे आणि म्हणायचे, "बघ, मी म्हणत नव्हतो?" त्यांना मनातून बरंच वाटत असणार. दीक्षाला झोपेत फण्या दिसायला लागल्या. कधी कधी तिला वाटायचं, आपण म्हाताऱ्या होऊ आणि तरीही इथंच ट्यूब तिरकी धरून उभ्या असू.

जुलैच्या सुरवातीला ते सापडलं. दीक्षा वहीत लिहितेय असं समजून विश्वजीत ट्यूबा उघडायच्या आधी जरा थांबला, आणि त्यानं ग्लोव्हज घातलेला हात कोटाच्या खिशात घालून बाहेर काढला. खिशात हात घालायचा नाही, हे तर पहिल्या दिवशी शिकवलेलं. दीक्षानं त्याला थांबवलं, कोट बदलायच्या खोलीत नेलं आणि म्हणाली, "खिसा उलटा कर."

कागदाची एक पुडी निघाली. सुटलेली. आत जाडं मीठ आणि मोहऱ्या.

"हे काय?"

"आईनं दिलंय," विश्वजीत म्हणाला. "नोकरी लागली तवापास्नं. नजर लागू न्हाई म्हणून."

"अरे, मीठ!" दीक्षाचा आवाज चिरकला. "मिठाच्या नावानं आपण महिनोन्महिने बोंबलतोय, काचेची बाटली आत येऊ देत न्हाई, आन् तू खिशात मीठ घिऊन हिंडतोस? त्याच हातानं ट्यूब उघडतोस?" आणि मग एकदम तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणीच आलं. "म्हंजी तुझ्या हातात काय खोट न्हाई रे! टाक ती पुडी. उद्या बघ तुझं शिखर कसं येतंय."

विश्वजीत हसला नाही. त्यानं खोलीचं दार लावून घेतलं आणि हळू म्हणाला, "मॅडम, मीठ काय करतं ते मला ठावं न्हाई व्हय? मीबी एमेस्सी हाय."

दीक्षाचं हसू तिथंच थांबलं.

"पयल्या बारीला चुकून झालं," तो म्हणाला. "पुडी प्यांटच्या खिशात असायची, ती त्या दिवशी कोटात ऱ्हायली. पडद्यावर फणी बघितली आन् तवाच मला उमगलं. मग तिथंच ऱ्हाऊ दिली."

"मुद्दाम?"

"व्हय."

"का रे बाबा? मी तुझं काय वाकडं केलंय?"

"तुम्ही न्हाई केलं. तुमच्या आईच्या वक्ताला काय झालं ते समदी लॅब सांगती मला. माझ्या अनिताचे दिवस भरत आल्यात, म्हायेरी हाय कासुर्डीला. आमचं पयलं पोर पोटातच गेलं. ती एकटी दवाखान्यात, आन् मी त्या जुन्या कंपनीत शिफ्टला. पुन्यांदा न्हाई व्हायचं तसं. मी पास झालो की दुसऱ्या दिवशी काय म्हणतील सर? विश्वजीतच्या हाताला यश हाय. मग मला कोण सोडवणार, तुम्हीच सांगा."

आता सांगा, काय करावं त्या पोरीनं? सरांना जाऊन सांगावं तर विश्वजीतची नोकरी त्याच दिवशी जाणार, आणि नवा माणूस येऊन शिकेपर्यंत ऑगस्ट कुठल्या कुठं. न सांगावं तर फणी आहेच रोज. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिला त्याचा राग आला, इतका की थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी तो खोटं एक अक्षर बोलत नाहीये हेही कळत होतं.

तिनं हात जोडले. पाटलाच्या पोरापुढं हात जोडायचे दिवस संपावेत म्हणून बबनरावांनी उन्हातान्हात रुळावर काम करून लेकीला शिकवलं होतं, आणि ती त्या कोंदट खोलीत हात जोडून उभी होती. "विश्वजीत, मला जाऊ दे. मी इथं मरून जाईन रे."

तो दचकून मागं सरला. "हात खाली घ्या मॅडम. लाज वाटती मला." मग त्यानं पुडी उचलली आणि बाहेर जाऊन मोठ्या कचरापेटीत टाकून आला. आल्यावर एवढंच म्हणाला, "पर मला दवाखान्यातनं फोन आला तर?"

"मी सरांशी भांडंन."

"तुम्ही तवा बेंगळुरूला असणार."

माणूस बुडायला लागला की शेजारच्याच्या खांद्यावर पाय देतो. दीक्षानं दिला, आणि आपण तो देतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं.

विश्वजीतचा पहिला रन निर्मळ आला. दुसराही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तेव्हा दीक्षा अशी धास्तावली होती की तिसऱ्या दिवशी तिनं चहासुद्धा घेतला नाही. तिसरं शिखर पडद्यावर सरळ उभं राहिलं. विश्वजीतनं पडद्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि मुकाट ग्लोव्हज काढायला लागला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिचा निरोपाचा दिवस ठरला. सकाळीच कार्ड जमा झालं, लेटर हातात पडलं, सामोसे आले. विश्वजीत आत बर्फात ट्यूबा लावून कामाला लागला होता. अल्कोहोल घालून झालं होतं, धुणं बाकी होतं. सरांनी दीक्षाबद्दल चार शब्द सांगितले आणि काचेतून आत बोट दाखवत म्हणाले, "पण आता काळजी नाही. विश्वजीतच्या हाताला यश आहे!" टाळ्या पडल्या.

सामोसे संपायच्या आत विश्वजीत बाहेर आला. ग्लोव्हज तसेच हातात, कानाला फोन. "सर, अनिताला दवाखान्यात नेलंय. डॉक्टर म्हणत्यात ठोके कमी लागत्यात बाळाचे. मला जायाला पायजे."

सर लगेच उठले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जायलाच हवं. फक्त एवढा रन होऊ दे. क्लायंट खोळंबलाय, आणि आता तुझ्याशिवाय कुणाला जमतं? दुपारी माझी गाडी देतो."

शब्द तेच. ओळीनं तेच. दीक्षा पुढं झाली. "सर, मी लावते रन. त्याला जाऊ द्या."

"तू कार्ड जमा केलंस ना, बेटा? तुझी सही आता चालायची नाही." सर हळहळले. कालपर्यंत हिला बाहेर सोडवत नव्हतं, आणि आज आत घेता येईना! वा रे कंपनी!

दीक्षा भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात विश्वजीतनं ग्लोव्हज उतरवले. एक काढला, दुसरा काढला, टेबलावर ठेवले. "सर, मी चाललो."

"अरे, पण रन?"

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि कोट खुर्चीवर टाकून निघून गेला. दार त्याच्यामागं आपोआप लागलं. थोड्या वेळानं खाली त्याची मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला.

दीक्षाला वाटलं, आता सर ओरडणार, सिक्युरिटीला फोन करणार, याची नोकरी जाणार, क्लायंट जाणार, छत कोसळणार. सरांनी कपाळ चोळलं. घड्याळ बघितलं. मग तिथल्या एका पोरीला म्हणाले, "बरं, उद्या लावू. सायली, त्या ट्यूबा उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये टाक." आणि त्यांनी बशीतला उरलेला सामोसा उचलला.

बस्स. एवढंच झालं.

अल्कोहोलमध्ये बसवलेलं आरएनए उणे ऐंशीला महिना-महिना नासत नाही. हे दीक्षाला ठाऊक नव्हतं का? तिनंच तर नव्या पोरांना शिकवलं होतं. तिनं विचारलं, "सर, क्लायंटचं काय?"

"कळवू एक दिवस उशीर होतोय म्हणून. काय फाशी देतात?"

"मग माझ्या आईच्या दिवशीबी," ती म्हणाली. लॅबमध्ये सगळ्यांसमोर तिच्या तोंडून तिचं घरचं बोलणं आलं. "त्या दिवशीबी उद्यावर चाललं असतं?"

सर खरोखरच बुचकळ्यात पडले. त्या माणसाच्या मनात कपट नव्हतं हो, हेच तर वाईट. "चाललं असतं की," ते म्हणाले. "पण तू थांबलीस ना. मला वाटलं, तुला जमण्यासारखं आहे."

लेटर पर्समध्ये घालून दीक्षा जिना उतरली. गेटवर वॉचमननं पर्स तपासली आणि "शुभेच्छा, मॅडम" म्हणाला. तिनं मान हलवली. खोलीवरची बॅग घेऊन ती शिरूरच्या स्टँडवर आली आणि केडगावकडं जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसली. एवढे महिने ज्या दिवसाची वाट बघितली तो हा दिवस, आणि तिनं लेटर पर्समधून बाहेरसुद्धा काढलं नाही.

गाडी बरीच पुढं गेल्यावर विश्वजीतचा मेसेज आला. "पोचलो. अनिताजवळ हाय. बाळाचे ठोके नीट लागत्यात आता."

तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. "सांभाळ तिला," असं तिनं लिहिलं आणि पाठवलं. मग पुन्हा तो पहिलाच शब्द वाचला, 'पोचलो', आणि दिवाळीपासून आत कोंडलेलं रडं असं उसळून आलं की तिला तोंडावर ओढणी धरायचंही सुचलं नाही. पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायला लागले. शेजारी टोपलीभर गवार घेऊन एक म्हातारी बसली होती, ती घाबरली.

"अगं बया! काय झालं गं पोरी?"

"माझी आई गेली," दीक्षा म्हणाली.

म्हातारीनं टोपली पायाशी सरकवली आणि तिला कुशीत ओढून घेतलं. कवा गेली, ते तिनं विचारलं नाही.